पाकेबने काढलेला हात

माझा भाऊ पाकेब मेलेल्यांचे चेहरे रंगवायचा. आमच्या तेबतुनिस गावात हे काम करणारे तिघे होते. त्यातला एक दारुडा आणि एक खोटारडा, त्यामुळे दार आमचंच वाजायचं. मी त्याची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी परत आले, ती थेट त्याच्या मेणाच्या कढईपाशी बसले आणि सव्वीस वर्षं तिथेच होते. मेण खारात उकळून पांढरं करायचं, रंग खलायचे, निखारे फुंकायचे, आणि त्याचं तोंड सुटलं की आपलंही सोडायचं, एवढं माझं काम. आता तो गेल्यावर लोक त्याच्याबद्दल फार गोड बोलतात. आमच्या गावात मेलेला माणूस गोड होतोच, कारण देहाला गुंडाळलेल्या पट्ट्यांवर बसवलेल्या लाकडी फळीवरचा चेहरा नेहमी शांत, धुतलेला आणि पंचविशीतला असतो. पाकेब तसा नव्हता. तापट होता, हात उचलायला मागेपुढे पाहायचा नाही, आणि त्याच्या तापटपणापायी एक माणूस मेला. ते मी सांगणार आहे. दुसरं कुणी सांगायचं नाही.

बाप आमचा कालव्यावर राखणदार. घरी आला की हातातली काठी खाली ठेवण्याआधी ती आमच्यापैकी कुणाच्या तरी पाठीवर पडायची. पाकेब नऊ वर्षांचा झाला तेव्हा बापाने त्याला पातुनिस चितारी याच्या हवाली केलं आणि सांगितलं, "हाडं माझी, कातडं तुमचं." पातुनिसने ते मनावर घेतलं. मेणात गुठळी राहिली की तो तापलेली तांब्याची सळई पाकेबच्या मनगटावर टेकवायचा. नेहमी डाव्या मनगटावर. उजवा हात कामाचा होता. मी मोजलेत, अकरा डाग होते. पण शिकला तिथेच. रंगवलेलं मेण थिजायच्या आत सळई फिरवून मोकळं व्हायचं असतं, विचार करायला सवड नसते. त्याचा स्वभावही मग तसाच झाला. डोक्यात आलं की हातून झालेलं असायचं.

त्याचं एकच ब्रीद होतं, जे दिसतं तेच काढायचं. जीव पाखरू होऊन परत येतो, तो चेहरा ओळखून आपल्या देहात शिरतो. चेहरा खोटा असला तर बिचारा दारोदार भटकत राहील. पंचवीस वर्षं फौजेत काढून आलेला एक दांडगा शिपाई जिवंतपणीच स्वतःची फळी करून घ्यायला आला होता. त्याला मान जाड हवी होती.

"तुझी मान कोंबडीची आहे," पाकेब म्हणाला. "मी बैलाची काढली तर तुझा जीव जाऊन बैलात बसेल."

शिपायाने त्याचे दोन दात पाडले. पाकेबने मेणाची पळी त्याच्या मांडीवर ओतली. मग शिपायाने त्याला केसाला धरून देवळापर्यंत फरफटत नेलं, तिथे पाळलेल्या मगरींच्या तळ्याच्या कठड्यावरून अर्धा खाली लोंबकळवला आणि विचारलं, "आता कशी आहे मान?" पाकेब ओरडला, "कोंबडीची!" शिपायाला हसू आलं म्हणून माझा भाऊ वाचला. ती फळी बारीक मानेचीच झाली, आणि पुढे तो शिपाई मेला तेव्हा तीच लावली.

आता आमच्या कामातली एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. माणूस बुडून फुगला, मगरीने ओढला, किंवा तोंड ओळखू येईना असा मेला, तर फळीसाठी त्याच्या तोंडवळ्याचं, रक्ताचं माणूस बसवतात. त्याने मेलेल्याचा अंगरखा घालायचा, मेलेल्याची फुलांची माळ उजव्या हातात छातीशी धरायची, आणि चौरंगावर बसल्यापासून उठेपर्यंत त्याला मेलेल्याच्याच नावाने हाक मारायची. त्यानेही ओ द्यायची. नाव घेतल्याशिवाय सळई फळीला लावायची नाही. लोक रडतात, काही घाबरतात. बहुतेकांना बरं वाटतं.

त्या वर्षी पूर यायला दोन महिने होते. कालव्यात घोटाभर पाणी उरलं होतं आणि भाजीपाल्याच्या मळ्यांवर पाण्याच्या पाळीवरून रोज डोकी फुटत होती. एका सकाळी कालव्याच्या तिसऱ्या दारापाशी तामुस्थाचा थोरला मुलगा ओर्सेउस मरून पडलेला सापडला. कुणीतरी कुदळीच्या पाठीने त्याचं तोंड ठेचलं होतं. नाक, गालफडं, कपाळ, सगळं एक झालं होतं. वाळवंटाकडच्या लुटारूंचं काम, असं लोक म्हणाले. गावच्या राखणदारांनी दोन मेंढपाळ धरले, तळपायांवर छड्या मारून त्यांचे पाय फोडले, आणि काहीच निघेना तेव्हा सोडून दिले. त्यातला एक पुढे कायमचा लंगडा झाला, पण त्याची कुणी कधी चौकशी केली नाही.

तामुस्था विधवा. मुलगे दोनच, ओर्सेउस आणि धाकटा हार्मियूस. ओर्सेउसचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मी तिच्या मदतीला गेले होते. तिने कुणाला देहाला हात लावू दिला नाही. तोंडावर ओलं फडकं टाकलं आणि बाकीचा मुलगा एकटीने धुतला. हातांची बोटं एकेक करून धुतली, नखांतली माती काडीने काढली. "हात बघ गं," मला म्हणाली, "ओरखडासुद्धा नाही. झोपल्यासारखे आहेत." मग गाढवावर घालून त्याला, देह खारात मुरवून टिकवणाऱ्या खारवणाऱ्यांकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खारवणारा फनेसिस आमच्या अंगणात बिअर प्यायला आला. तो आला की मी वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसते, त्याच्या अंगाचा वास जात नाही.

"पाकेब, तुला एक सांगतो," तो म्हणाला. "त्या ओर्सेउसचा जबडा उघडला, तर दाताखाली कातडं. माणसाचं. चांगला लचका तोडलाय त्याने मरता मरता."

"कुणाला सांगितलंस?"

"तुलाच. मला काय करायचंय? मी खारवतो. मेलेल्यांचा न्यायनिवाडा ओसायरिस देव बघेल."

"मग मला कशाला सांगतोस?"

"कुणाला तरी सांगितल्याशिवाय बिअर उतरेना," फनेसिस म्हणाला, आणि त्याने अजून एक भांडं मागितलं.

ओर्सेउसच्या फळीसाठी हार्मियूसच बसणार हे उघड होतं. दोघांत दीड वर्षाचं अंतर, तोंडवळा एक, फक्त धाकट्याचे खांदे जास्त रुंद. तो पाचव्या दिवशी आला. भावाचा पांढरा, जांभळ्या पट्ट्यांचा अंगरखा त्याला काखेत दाटत होता. उजव्या हाताला चिंधी गुंडाळलेली होती.

"ओर्सेउस, असा बस. उजेडाकडे तोंड कर," पाकेब म्हणाला.

"मी हार्मियूस."

"उठशील तेव्हा. आत्ता ओर्सेउस. ओ दे."

त्याने ओ दिली, पण घशातून नुसती हवा आली. पाकेबने केस केले, कपाळ केलं, गालाचा उतार केला. मी सळया आलटून पालटून तापवून देत होते. मग हाताची पाळी आली.

"माळ धर. ती चिंधी सोड."

"भाजलंय. भाकरीच्या भट्टीवर."

"मी भट्टी काढत नाही, बोटं काढतो. सोड."

"डाव्या हातात धरतो ना."

"तुझा भाऊ डावखुरा होता? डाव्या हातात माळ घेऊन ओसायरिससमोर उभा राहणार तो? चल, माझं मेण थिजतंय."

हार्मियूसने चिंधी सोडली. अंगठ्याच्या मुळाशी मांस सुजलं होतं, पिवळा पू धरला होता, आणि त्यात वर एक आणि खाली एक अशा दोन अर्धगोल रांगा होत्या. भट्टीला दात नसतात. पाकेबने माझ्याकडे पाहिलं आणि मी निखाऱ्यांकडे पाहिलं. मग त्याने फळीवर हात काढला. स्वच्छ, भरीव, माळेभोवती अलगद मिटलेला. असा हात त्याने आयुष्यात दुसरा काढला नाही.

हार्मियूस गेल्यावर तो म्हणाला, "आक्का, पाहिलंस?"

"नाही."

"पाहिलंस तू."

"पाहिलं तर काय करू? बोंबलत हिंडू? दोन पोरं त्या बाईला. एक खारात आहे. दुसरा पण नेऊन घालू?"

"मी काही बोललोय का?"

"बोलूही नकोस. हात कोरा काढलास ते बरं केलंस."

"ओर्सेउसचा हात कोराच होता. मी ओर्सेउस काढतोय," तो म्हणाला. मला त्या दिवशी त्याचा अभिमान वाटला, हे सांगायला हवं.

डोळे तो नेहमी शेवटी करायचा. तिसऱ्या बैठकीला डोळ्यांची वेळ आली. हार्मियूस मान वर करीना.

"ओर्सेउस, माझ्याकडे बघ."

"मिटलेले काढ."

"काय?"

"डोळे. मिटलेले काढ त्याचे."

"मिटलेले?" पाकेब हसला. त्याचं ते हसणं वाईट होतं, समोरच्याच्या अंगाची आग व्हायची. "आंधळा करून पाठवू तुझ्या भावाला? तिकडे वाट कोण दाखवणार? तू जाणार आहेस का हात धरून?"

"काढ म्हणतो ना."

"काढून झालेसुद्धा," पाकेब म्हणाला, आणि त्याने बुबुळात पांढऱ्याचा शेवटचा ठिपका ठेवला.

हार्मियूस उठून फळीच्या या बाजूला आला. ओर्सेउस त्याच्याकडे बघत होता. बाकी काही त्याने पाहिलं नाही. तो पाकेबच्या अंगावर आला, गळा धरला आणि त्याला भिंतीवर असा आपटला की फडताळावरची रंगाची भांडी खाली आली. पाकेब तसा किरकोळ माणूस, त्याचे पाय जमिनीवरून सुटले. जीभ बाहेर आली. मी रंग खलायचा वरवंटा उचलला आणि हार्मियूसच्या खांद्यावर घातला. डोक्यावरच घालायचा होता, नेम चुकला. त्याने मागे लाथ मारली ती माझ्या कमरेत बसली आणि मी निखाऱ्यांच्या शेगडीवर पडले. माझ्या केसांचा जळका वास मलाच आला. तेवढ्यात पाकेबच्या हाताला कढईतली सळई लागली. ती त्याने हार्मियूसच्या कानावर दाबून धरली. चरचर आवाज झाला, हार्मियूस गुरासारखा ओरडला आणि गळा सुटला.

"दोघांनाही गाडीन," तो दारातून म्हणाला. कान धरून, भावाच्या अंगरख्यातच निघून गेला.

मी उठून बसले. केस विझवले. पाकेब जमिनीवर बसून रक्त थुंकत होता. त्याचा आवाज गेला होता. मला वाटलं, रडेल. पण तो उठला, बारीक सळई निखाऱ्यात घातली, शेंदूर आणि गेरू कालवला आणि फळीपाशी गेला. ओर्सेउसच्या अंगठ्याच्या मुळाशी त्याने ठिपके ठेवले. वर पाच, खाली चार.

"काय करतोयस तू?" मी म्हणाले.

"खरं काढतोय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"परवा काय म्हणालास? ओर्सेउसचा हात कोरा होता म्हणालास."

त्याने सळई बाजूला ठेवली. खरं कसलं काढतोय, राग काढत होता. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाच्या मानेचा केस खोटा काढला नाही, त्याने एका मेलेल्या माणसाच्या अंगावर दुसऱ्याची जखम ठेवली. आणि माझंही सांगते. ती फळी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याजवळ होती. तापलेली सळई नुसती जवळ नेली असती तरी ते नऊ ठिपके विरघळून गेले असते. मी नेली नाही. माझी कंबर ठणकत होती, डोक्याची एक बाजू भाजली होती, आणि मलाही हार्मियूसचं वाटोळं व्हायला हवं होतं. सगळं पाकेबच्या माथी मारून मला सुटता येणार नाही.

तामुस्था फळी न्यायला आली. देह खारातून निघून पट्ट्या बांधेपर्यंत फळी घरी भिंतीवर लावतात. लोक फळी हातात घेतली की डोळ्यांकडे बघतात. आजवर प्रत्येकाने तेच केलं होतं. तिनेही पाहिलं, "माझं बाळ ते," म्हणाली, फळीचं चुंबन घेतलं. मग तिची नजर खाली गेली आणि तिथेच राहिली.

"पाकेब, हे काय?"

पाकेबने सळई उचलून पुसायला घेतली.

"हात मी धुतलाय त्याचा. हे काय आहे?"

"दिसलं ते काढलं," पाकेब म्हणाला. आता त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुणाच्या हातावर दिसलं?"

"मावशी, रंग सांडलाय तो," मी घाईने म्हणाले. "आणा इकडे, आत्ता पुसून देते." मी हात पुढे केला. तिने फळी छातीशी धरली आणि माझ्या भाजलेल्या केसांकडे बघितलं, मग पाकेबच्या गळ्यावरच्या बोटांच्या वळांकडे.

"राहू दे," ती म्हणाली.

त्यानंतर चौथ्या दिवसापासून कालव्याची वेठ लागली. पाच दिवस प्रत्येक पुरुषाने कालव्यातला गाळ उपसायचा, चितारी असो की पुजाऱ्याचा पोरगा. पाकेब टोपली वाहत होता. मी त्याच्यासाठी भाकरी आणि कांदे घेऊन गेले होते, म्हणून मी तिथे होते. तामुस्था काठावरून चालत आली. उन्हं डोक्यावर होती. खाली चिखलात चाळीसेक माणसं कुदळी घेऊन उभी होती.

"हार्मियूस, वर ये," ती म्हणाली.

तो वर आला. कानाला तेलाचा बोळा लावलेला होता. "आई, उन्हाची कशाला आलीस?"

"हात दाखव."

"कसला हात?"

तिने शालीतून फळी काढली आणि त्याच्यासमोर धरली. "हा. ओर्सेउसच्या अंगावर तुझा हात कसा आला ते सांग मला. एवढंच सांग. मी काही करणार नाही."

चोरीचा खजूर घेतलेलं पोर लपवतं, तसा त्याने हात पाठीमागे लपवला. बोलला असता तर बरं झालं असतं. खालचे सगळे बघत होते. फनेसिसनेही आमच्या अंगणाबाहेर जीभ आवरली नसावी, कारण खालून लगेच कुणीतरी ओरडलं, "दाताचा वण आहे! बघा रे, दाताचा वण!" ओर्सेउसचा सासरा काठ चढून वर आला. त्याने हार्मियूसचा हात पुढे ओढला, बघितला, आणि कुदळीचा दांडा त्याच्या तोंडावर घातला.

मग कुणी कुणाचं राहिलं नाही. ज्यांचं ओर्सेउसशी जन्मात पटलं नव्हतं तेही धावून आले. दोन महिने पाण्यासाठी एकमेकांची डोकी फोडणारे सगळे त्या एका माणसावर एक झाले. हार्मियूस उठायचा आणि पडायचा. त्याचा एक दात उडून माझ्या टोपलीत, कांद्यांमध्ये पडला. तामुस्था किंचाळत होती, "नको रे, मला फक्त विचारायचं होतं! मला विचारू द्या!" आणि तेव्हा मी माझ्या भावाचा आवाज ऐकला.

"मी चुकलो! तो डाग माझ्या हातचा आहे! रंग सांडला माझा, त्याचा काही संबंध नाही! मी खोटं काढलंय!"

कोंबडीच्या मानेसाठी मगरींच्या तोंडावर लोंबकळलेला माणूस गावासमोर ओरडून सांगत होता की मी खोटं काढलंय. गळा बसलेला, त्यामुळे आवाज फाटत होता. तो माणसांच्या पायांमधून आत घुसला, हार्मियूसच्या अंगावर पडला. त्याला कुणीतरी पायाला धरून ओढलं आणि दांड्याने बरगड्या मोडल्या. त्याच्या जागी तामुस्था जाऊन पडली. तिच्याही हातावर एक घाव बसला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तेव्हा कुठे लोक थांबले. एकेक जण कुदळ खाली टाकून मागे सरकला. खाली हार्मियूस होता, आणि त्याच्या तोंडाचं जे झालं होतं ते त्याच्या भावाच्या तोंडाचं झालं होतं तेच.

फळी मला काठावर सापडली. तिला काही झालं नव्हतं. त्या संध्याकाळी पाकेब मोडक्या बरगड्यांनी वाकून बसला आणि त्याने ते नऊ ठिपके सळईने विरघळवून टाकले. हात पहिल्यासारखा झाला. मी निखारे फुंकत राहिले, त्याने मान वर केली नाही. राखणदारांनी कालव्याचा काठ ढासळून एक मेला, दोन जखमी, असं लिहून घेतलं. चाळीस जणांनी त्यावर माना डोलावल्या.

पाकेब त्यानंतर एकोणीस वर्षं जगला. बरगड्या वाकड्या जुळल्या, त्यामुळे एका अंगावर कलून चालायचा. त्याने पुन्हा कुणाचा हात काढला नाही. गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी फळी खांद्यापाशी संपायची. हात उचलणंही सुटलं. मी चिडवून पाहायचे, मुद्दाम मेणात गुठळ्या ठेवायचे, की निदान एक शिवी तरी देईल. तो गुठळ्या निवडत बसायचा. गेल्या हिवाळ्यात झोपेत गेला. त्याची फळी त्या खोटारड्याने केली, आणि त्यात माझा भाऊ चांगला गुबगुबीत दिसतो.

पण कालव्यावरच्या त्या प्रकारानंतर आठ दिवसांनी जी फळी झाली, तिचं सांगायचं राहिलं. तामुस्था सकाळीच आली. मोडलेला हात गळ्यात बांधलेला, बगलेत कपड्याची घडी. पाकेबला अजून धड बसता येत नव्हतं.

"हार्मियूसची फळी करायची आहे," ती म्हणाली.

"मावशी, माझ्याकडून नाही व्हायचं. दुसऱ्याकडे जा. पाया पडतो."

"दुसऱ्यांनी कुठे बघितलाय त्याला नीट? तू तीन दिवस समोर बसवून बघितलंस."

"तोंडवळ्याचं कुणीतरी लागतं, मावशी. रीत आहे. कुणाला बसवू?"

"मी आहे की," ती म्हणाली. "बापावर एकही गेला नाही. दोघंही माझ्यावरच."

तिने घडी उलगडली. हार्मियूसचा अंगरखा होता, घामाचे डाग तसेच ठेवलेले. मोडका हात बाहीत जाईना, तेव्हा मी तिला मदत केली. तिने कानातलं काढून माझ्या हातात दिलं, केस मागे घट्ट ओढून घेतले आणि चौरंगावर उजेडाकडे तोंड करून बसली. खरंच सांगते, तोच चेहरा होता. पाकेबच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायची त्याला शुद्ध नव्हती. मी निखारे फुंकले, मेण वितळलं, सळई तापवून त्याच्या हातात दिली. तो ती तशीच धरून बसला.

"नाव घे ना," तामुस्था म्हणाली. "नाव घेतल्याशिवाय लावायची नसते फळीला."

 सळई निवली, मी दुसरी दिली.

"हार्मियूस," माझा भाऊ म्हणाला, "हनुवटी जरा वर कर."

"ओ," ती म्हणाली, आणि तिने हनुवटी वर केली.